कपाटात सापडलेला ६ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा आज वापरण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की कपाट आवरताना २००७ साली घेतलेला ६ मेगापिक्सेलचा निकॉन सापडला, बॅटरी मेलेली आहे, आणि हातातल्या फोनला ५० मेगापिक्सेल आहेत. मग नव्या बॅटरीवर पैसे घालावेत की कॅमेरा मिळेल त्या भावाला विकून टाकावा?

बॅटरी घ्या. विकू नका.

तुमचा कॅमेरा बहुतेक निकॉनचा डी४० असणार. माझ्याकडे तोच आहे आणि आजही मी तोच वापरते. तुमच्या प्रश्नातला ‘फोनला ५० मेगापिक्सेल आहेत’ हा भाग वाचून मला राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या घरात कितीतरी वर्षं ऐकत आलेय. म्हणणारे आमचे धाकटे भाऊजी. माणूस गुणी आहे, शेती उत्तम करतात, पण दर दोन वर्षांनी नवा फोन येतो आणि त्याबरोबर हा वाद नव्याने सुरू होतो. एका दिवाळीच्या साफसफाईत तर त्यांनी माझा कॅमेरा रद्दीच्या ढिगावर नेऊन ठेवला होता. “वैनी, ह्यो ठोकळा अजून ठेवलाय व्हय? भंगारवाला आलाय दारात.” मी तो तिथून उचलला आणि त्या दिवसापासून पुन्हा वापरायला काढला. तोवर तो खरंच काही वर्षं पडून होता.

माझं सासर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ आहे. गुऱ्हाळात फोटो काढणं किती अवघड असतं ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एका बाजूला चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडाचा जाळ, मधे काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, काहिलीतून उठणारी वाफ, वर एकच बल्ब, आणि फटफटल्यावर पत्र्याच्या फटींतून येणारा उजेड. डोळे दिपवणारं आणि काळंकुट्ट असं दोन्ही एकाच चौकटीत. वाफ एक क्षण स्थिर नाही. लेन्सवर ओल येते, ती पुसेपर्यंत समोरचं सगळं बदललेलं असतं.

त्या हंगामात गुळव्या मामांचा काहिलीपाशी उभा असलेला फोटो काढायचं मी ठरवलं. हे मामा आमच्याकडे फार वर्षांपासून येतात. पाक आला की नाही ते बुडबुड्यांवरून ओळखतात, मग पाण्यात थेंब टाकून गोळी करून बघतात, आणि एकदा ‘उतरवा’ म्हणाले की कोणी वाद घालत नाही. पहाटेच्या आदणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी आटवायच्या रसाला, मी डी४० घेऊन उभी राहिले. भरपूर उजेड आत घेणारी ३५ मिमी एफ १.८ लेन्स, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १६००, शटर १/१२५ सेकंद, आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उणे, कारण डी४०ला फोटो गरजेपेक्षा उजळ करायची खोड आहे. तुमचाही तसाच वागेल. उणे ०.७ वर ठेवून बघा.

भाऊजीही फोन घेऊन शेजारी. त्यांनी एकदा टिचकी मारली, फोनने दोन क्षण ‘हलू नका’ म्हटलं आणि फोटो लगेच घरच्या ग्रुपवर. सगळ्यांचे अंगठे, फुलं, ‘झकास’. फोटो दिसायला खरंच छान होता. मामांचा चेहरा स्वच्छ, मागची भिंत दिसतेय, कोपऱ्यातली चिपाडाची रास दिसतेय, बाहेरचं आभाळ निळं दिसतंय. फक्त तिथे तेव्हा भिंत दिसत नव्हती. रास दिसत नव्हती. आभाळ निळं नव्हतं, राखाडी होतं. जाळाचा तांबडा उजेड मामांच्या अर्ध्या गालावर पडला होता तो फोनने पुसून टाकला आणि त्यांना बँकेच्या पासबुकावर असतो तसा सपाट चेहरा दिला.

हे का होतं ते सांगते. फोन एक फोटो काढतच नाही. तो भराभर अनेक फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो, अंधार उचलतो, जाळ खाली दाबतो, अंधारात फोटोत येणारे दाणे पुसतो. जे हलत नाही तिथे हे उत्तम जमतं. वाफ हलते, पाक उसळतो, तिथे सगळ्यांची सरासरी होते किंवा लगदा होतो. डी४०चं शटर एकदा उघडतं आणि एकदा मिटतं. त्या १/१२५ सेकंदात जो प्रकाश आत आला तोच फोटो. दाणे आले तर आले, कोपरा काळा राहिला तर राहिला.

माझी त्या आदणाची फाइल घरी उघडल्यावर मलाच थांबून बघावंसं वाटलं. अर्धा फोटो काळा. त्या काळोखातून मामांचा एक गाल, एक कान, हातातला दांडा, आणि काहिलीतला प्रत्येक बुडबुडा वेगळा. भाऊजी म्हणाले, “काळा आलाय की सगळा. आनि सहा मेगापिक्सेलात काय दिसनार?”

म्हणून मी कोल्हापुरात जाऊन दोन्ही फोटोंच्या १२ बाय ८ इंचाच्या प्रिंट करून आणल्या. डी४०ची फाइल ३००८ बाय २००० पिक्सेलची असते, म्हणजे १२ इंच रुंदीला इंचामागे २५० ठिपके पडतात. हातात धरून बघायला भरपूर झाले. फोनच्या ५० मेगापिक्सेलचं म्हणाल तर बहुतेक फोन नेहमीच्या वापरात चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो हातात देतात. शिवाय फोनचा एक पिक्सेल जेमतेम १ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास, डी४०चा जवळजवळ ७.८ मायक्रॉन. पाऊस मोजायला किती वाट्या मांडल्या एवढंच बघून चालत नाही, वाटीचं तोंड केवढं तेही बघावं लागतं. भाऊजींना हे मी कागदावर काढून दाखवलंय. मानत नाहीत.

दोन्ही प्रिंट मी मामांपुढे ठेवल्या, कोणती कुणाची ते न सांगता. त्यांनी फोनवाली उचलली, “बरी आलीय” म्हणाले आणि बाजूला ठेवली. माझी उचलली आणि चेहऱ्याकडे न बघता थेट काहिलीकडे बघितलं. “हे उतरवायच्या टायमाचं हाय. अजून जरा थांबलो असतो तर करपलं असतं.” मग पुन्हा पहिली उचलून निरखली. “ह्यात पाक कुठवर आलाय ते कळंना.”

यापेक्षा मोठा परीक्षक मला नको. ज्याचा हात आयुष्यभर त्या काहिलीत आहे त्याला माझ्या फोटोतून पाक वाचता आला. भाऊजींचं यावर म्हणणं असं की मामांचा चष्मा बदलायला झालाय. असू दे. प्रिंट गुऱ्हाळातच लावलीय, गल्ल्याच्या वर, आणि गूळ घ्यायला येणारे तिच्यापुढे थांबतात.

आता तुम्ही विचाराल की मजा नेमकी कशात आहे. माझ्या मते व्ह्यूफाइंडरमध्ये. डी४०ला मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायची सोयच नाही. डोळा लावलात की आरशावरून आलेला खरा प्रकाश दिसतो, वाफेसकट, झगमगाटासकट. पडद्यावर फोनने आधीच सजवलेलं चित्र दिसतं आणि तुम्ही त्या चित्राला हो म्हणता. इथे समोरची वस्तू दिसते आणि चित्र तुम्हाला मनात करावं लागतं. काय काळं ठेवायचं, काय उडू द्यायचं, ते बोट दाबायच्या आधी ठरतं. ही मेहनत मला फार आवडते. फोनवर मी हजार फोटो काढते आणि त्यातला एकही कसा काढला ते सांगू शकत नाही. डी४०वरच्या चांगल्या फोटोत मी कुठे उभी होते, उजेड कुठून होता, सगळं आठवतं.

काहीजण सांगतील की या जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी नावाचा, प्रकाश टिपणारा सेन्सर असतो आणि त्याच्या रंगांत जादू असते. हे साफ खोटं. सीसीडी १९६९ साली बेल लॅब्समध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी शोधला, २००९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, ते सगळं थोरच आहे. पण सीसीडी प्रकाशाचा नुसता विद्युतभार करतो. रंग येतो तो सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांमुळे आणि कंपनीने त्यावर केलेल्या प्रक्रियेमुळे. कॅननचा ३००डी २००३ सालचा, त्यात सीमॉस हा दुसऱ्या जातीचा सेन्सर होता, आणि त्याचे फोटो आजही गोड दिसतात. सीसीडी लिहिलंय म्हणून जुन्या कॅमेऱ्याला वाढीव भाव लावणाऱ्याकडून काही घेऊ नका.

डी४०च्या सीसीडीचा एक फायदा मात्र खरा आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. डी४० फ्लॅशबरोबर १/५०० सेकंदापर्यंत चालतो, कारण त्याचा सेन्सर विजेवरच चालू-बंद होतो, नुसत्या शटरच्या पडद्यावर अवलंबून नसतो. त्यानंतर आलेल्या डी४०एक्सला हे १/२०० वर आलं, आणि आजचे बहुतेक महागडे कॅमेरेही साधारण १/२०० ते १/२५० वरच थांबतात. म्हणजे भर दुपारी उसाच्या फडात, डोक्याच्या फडक्याखाली चेहरा अंधारात गेलेला असताना, तुम्ही कॅमेऱ्यावरचाच छोटा फ्लॅश उघडून दोन पावलांवरून चेहरा उजळवू शकता आणि मागचं आभाळही राखू शकता. आयएसओ २००, एफ १०, १/५००. एकदा करून बघा. मी फडावर नेहमी असेच काढते आणि ज्यांचे काढले त्यांना प्रिंट नेऊन देते.

तुमच्या बॅटरीबद्दल. मॉडेल ईएन-ईएल९, नंतरची ईएन-ईएल९ए पण बसते. दुसऱ्या कंपन्यांच्या चालतात. फुगलेली जुनी बॅटरी आत असेल तर आधी बाहेर काढा. नवी घातल्यावर पहिल्यांदा तारीख पुसलेली दिसेल. आतला घड्याळाचा सेल मोठ्या बॅटरीवरून चार्ज होतो, तो मार्गावर यायला वेळ द्या. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी घ्या, ६४चं घेऊ नका. त्याहून जुना, खिशातला कॅमेरा असेल तर बऱ्याचदा २ जीबीचं साधं एसडीच चालतं. एक्सडी कार्डवाला कॅमेरा कोणी फुकट दिला तरच घ्या, कार्डासाठी वणवण होते. पेन्सिल सेलवर चालणारे जुने छोटे कॅनन मात्र फार सोयीचे, रिचार्जेबल सेल घातले की वर्षानुवर्षं चिंता नाही.

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात, त्यातही चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला ती धरतेच. डबा, सिलिका जेल आणि अधूनमधून वापर, एवढ्यावर माझी लेन्स टिकलीय. खिशातला २००२ ते २००५ च्या सुमाराचा कॅमेरा विकत घेत असाल तर आधी चालू करून एक फोटो काढून बघाच. त्या काळातल्या काही सीसीडींच्या आतल्या जोडण्या उष्णतेने आणि दमटपणाने सुटायच्या, चित्र जांभळं किंवा वेडंवाकडं यायचं. २००५ साली अनेक कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून द्यायचं जाहीर केलं होतं. आता कोणी करून देणार नाही.

डी४०च्या बॉडीत फोकसची मोटर नाही हे लेन्स घेताना लक्षात ठेवा. निकॉनची एएफ-एस लिहिलेली लेन्स असेल तर आपोआप फोकस होईल.

आणि हेही सांगायलाच हवं. अंधारात पळणारी पोरं, कबड्डीचा सामना, व्हिडिओ, कागदपत्रं यासाठी फोनच घ्या. डी४०ला फोकसचे तीनच बिंदू आहेत आणि १६०० आयएसओच्या पुढे तो दमतो. व्हिडिओ तर त्यात नाहीच. घरातल्या लग्नात मी डी४० नेते, पण अंतरपाट दूर होण्याच्या क्षणाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी असते. आमच्याकडे ती भाऊजींवर असते आणि ते काम ते माझ्यापेक्षा चांगलं करतात. गुऱ्हाळातल्या फोटोबद्दल मात्र मी एक पाऊल मागे येणार नाही.