'प्लेटलेट किती?' तिसऱ्यांदा विचारल्यावर

'नाशिकच्या द्वारका भागातल्या एका रुग्णालयात मी फिजिशियन आहे. वय ३४. महिन्याला दहा नाइट, दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी. परवा डेंग्यूच्या एका आजोबांच्या मुलाने तिसऱ्यांदा "प्लेटलेट किती?" विचारलं आणि मी खेकसले. पूर्वी रुग्ण गेला की रडू यायचं, आता पुढची फाइल उघडते. मॅनेजमेंट म्हणतं, भावनिक बुद्धिमत्तेची कार्यशाळा करा. दोष माझाच आहे का?'

डॉक्टर, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजार आणि आरोग्यविषयक बाबींच्या यादीत बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याची, तीन लक्षणं आहेत: शीण, कामाविषयी तुटलेपण आणि आपल्याकडून नीट काम होत नाही ही भावना. पहिली दोन तुमच्या पत्रात आहेत, तिसरं तुमच्या प्रश्नात. आणि तिथे तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदवलाय. तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही.

कार्यशाळा जरूर करा. फक्त तिथे 'हसतमुख राहा' एवढंच शिकवलं, तर सोडून द्या. आतून उकळत असताना वरून हसण्याने माणूस आणखी थकतो. खरं कौशल्य खेकसण्याच्या आधी लागतं. जबडा आवळलाय का? समोरच्याचं वाक्य मध्येच तोडताय का? पुढच्या खोलीच्या दाराशी सॅनिटायझर चोळायला २०-३० सेकंद लागतातच, तेवढ्यात भावनेला नेमकं नाव द्या. 'राग' म्हणून थांबू नका. भीती, अपराधीपणा, की नुसती भूक? बऱ्याचदा भूकच निघते.

तिसऱ्यांदा आलेल्या 'प्लेटलेट किती'मागे आकडा नसतो, भीती असते. 'तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?' असं विचारा आणि गप्प बसा. ती शांतता आकड्यांनी भरायचा मोह होईल. तिथेच बहुतेक डॉक्टर फसतात.

पण नाइट करून ओपीडीत बसल्यावर यातलं काहीच जमणार नाही. झोप तुटली की संयम आधी जातो. दोन आठवडे ड्युटीचे, झोपेचे तास आणि चुकलेली जेवणं लिहून काढा. तो कागद घेऊन लेखी मागणी करा, तीही एकच: नाइटनंतरची ओपीडी बंद. 'कामाचा ताण कमी करा' म्हटलं की नुसत्या माना डोलतात.

सुट्टीतही कशातच मन रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञाला लगेच दाखवा. द्वारकेवर ओळखीचे भेटतील म्हणून संकोच वाटत असेल, तर गंगापूर रोडला जा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास मोफत आहे. झोपेची गोळी स्वतःची स्वतः लिहून घेऊ नका. डॉक्टरांची ही जुनी खोड.

आजोबांच्या मुलाला उद्या राउंडला भेटा. 'परवा माझा आवाज चढला, चुकलं माझं' एवढंच म्हणा. नाइटचं कारण सांगू नका.