पुरानंतर गावाच्या सामाईक कामांना निधी: पंचनाम्याआधी यंत्र लावू नका

सप्टेंबर 2025 च्या महापुरानंतर सोलापूर जिल्ह्यातील सीना नदीकाठच्या माढा, मोहोळ, करमाळा आणि दक्षिण सोलापूर भागातील शेतकरी सातत्याने तेच तीन-चार प्रश्न विचारत आहेत. पाणंद रस्ता वाहून गेला, ओढ्यावरचा नळकांडी पूल उखडला, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची बगल, म्हणजे त्याला काठाशी जोडणारा मातीचा भराव, फुटली; या कामांना शासनाचा निधी कोणत्या मार्गाने मिळेल, आणि ठेकेदार सांगतो त्याप्रमाणे काम आधी उरकून बिल नंतर काढता येईल काय? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो: काढता येणार नाही.

कार्यारंभ आदेशाच्या आधी झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होत नाही, आणि ज्या कामाची तिथे नोंद नाही त्याचे देयक निघत नाही. पोकलेनवाला गावात येतो, "साहेबांशी बोलणे झाले आहे" असे सांगतो, दोन दिवसांत फुटलेला भाग माती लोटून बुजवतो आणि जाताना डिझेलचे पैसे वर्गणीतून घेऊन जातो. त्यानंतर पाहणीसाठी आलेल्या अभियंत्याला नुकसान दिसत नाही; दिसते ती नुसती नवी माती. अशा गावांचे प्रस्ताव मी परत जाताना पाहिले आहेत. म्हणून फुटलेल्या जागेला हात लावण्यापूर्वी तलाठी, ग्रामसेवक आणि संबंधित विभागाचा अभियंता यांचा संयुक्त पंचनामा झाला पाहिजे, अक्षांश-रेखांश व तारीख असलेली छायाचित्रे काढली पाहिजेत आणि ग्रामसभेचा ठराव झाला पाहिजे. रुग्ण, दूध किंवा शाळेची मुले अडकत असतील तर तात्पुरती वाट जरूर करावी, मात्र ती फुटलेल्या भागाच्या बाजूने करावी आणि आधी छायाचित्रे घ्यावीत.

निधीचे स्वरूप थोडक्यात असे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के वाटा असतो; त्यातून रस्ते, पूल, पाणीपुरवठा, सिंचन, शाळा, आरोग्य केंद्रे आणि पंचायतीच्या मालमत्ता यांची तातडीची दुरुस्ती होते, नवे किंवा वाढीव बांधकाम होत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्याने जाहीर केलेल्या 31,628 कोटी रुपयांच्या पॅकेजमध्ये पायाभूत सुविधांसाठी 10,000 कोटी रुपये ठेवले होते. वैयक्तिक नुकसानीत खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख व रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंतचे काम, तर गाळाने भरलेल्या विहिरीला 30,000 रुपये अशी तरतूद जाहीर झाली. प्रस्ताव कोणाकडे द्यायचा हे मालमत्ता कोणाची आहे यावर ठरते: ग्रामपंचायतीच्या कामांसाठी गटविकास अधिकारी, बंधाऱ्यासाठी त्याच्या सिंचन क्षमतेनुसार जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभाग, विजेचे खांब आणि डीपीसाठी महावितरण.

यापुढचे बरेचसे सांगणे दुकानदार, ठेकेदार आणि मध्यस्थ यांच्या सल्ल्याविषयी आहे, कारण नुकसान तिथेच होते. पहिला घातक सल्ला असतो अंदाजपत्रक फुगवण्याचा. वीस मीटर भराव वाहून गेला असेल तर साठ मीटर दाखवा, मंजुरीत निम्मे कापले जातेच, असे सांगितले जाते. हे करू नका. शेजारच्या गावाची मागणी आणि तुमची मागणी एकाच टेबलावर येते, नदीची पातळी दोघांना सारखीच असते, आणि न पटणारा आकडा दिसला की फेरतपासणी लागून खरी वीस मीटरची मागणीही पावसाळ्यापलीकडे जाते. जेवढे गेले तेवढेच लिहा. मध्यस्थ टक्केवारी मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा; पंचनाम्याला, ठरावाला आणि प्रस्तावाला मध्यस्थाची गरज नसते. आणि रोजगार हमीचे काम ठेकेदारामार्फत करून घेता येत नाही, हे तो कितीही आत्मविश्वासाने वेगळे सांगत असला तरी लक्षात ठेवा.

दुसरा सल्ला नळ्यांच्या विक्रेत्याकडून येतो. जुना पूल गेला तर दोन फुटी नळ्यांच्या दोन रांगा टाका आणि वर मुरूम पसरा, स्वस्तात काम होते, असे तो म्हणतो. ज्या पुलाच्या नळ्यांमध्ये उसाचे पाचट, जलपर्णी आणि वेड्या बाभळीच्या फांद्या अडकून पाणी तुंबले व भराव वाहून गेला, तोच पूल पुन्हा बांधण्याचा हा सल्ला आहे. पुलाचे माप दुकानदाराकडून घेऊ नका. ते ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आणि पुराची खूण पाहून अभियंता ठरवतो. पुरात पाणी कुठपर्यंत चढले होते याची खूण झाडावर, विजेच्या खांबावर किंवा मंदिराच्या भिंतीवर असेल तर ती पंचनाम्यात नोंदवून घ्या, कारण मोरी की फरशी पूल हे ठरवताना तीच उपयोगी पडते. ज्या ओढ्याला वर्षातून थोडेच दिवस मोठे पाणी येते तिथे पाणी वरून जाऊ देणारा, दोन्ही बाजूंना खोल पडद्या (जमिनीत उतरवलेल्या भिंती) असलेला फरशी पूल मला अधिक भरवशाचा वाटतो. दुरुस्तीच्या निधीत तो बसत नसेल तर जिल्हा नियोजन समितीकडे स्वतंत्र मागणी करावी, परंतु दुरुस्तीच्या नावाखाली तो घुसवू नये.

तिसरी चूक अतिरेकाची. यंत्र आले आहे तर ओढा आणखी खोल करून घ्या, असा आग्रह गावातूनच होतो. गाळ संपला की थांबा. तळाचा कठीण मुरूम फोडला की पात्राची झीज वरच्या दिशेने सरकत जाते, वरच्या बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो आणि दोन्ही काठ ढासळतात. ओढ्याला खोली नव्हे, रुंदी हवी आहे. आपला जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने अनेक वर्षे कोरडे राहिलेले पात्र दोन्ही बाजूंनी नांगरून शेतात घेतले गेले, आणि सीनेचे पाणी अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडचा पाऊस घेऊन आले तेव्हा ओढ्यांना तुंबलेले पाणी वाहून नेण्यास जागा उरली नव्हती. गाव नकाशाप्रमाणे ओढ्याची हद्द मोजून घेण्याचा ठराव दुरुस्तीच्या ठरावाबरोबरच करावा. हे अप्रिय आहे, पण याविना केलेला भराव टिकत नाही.

बंधाऱ्याच्या बगलेबाबत वेळ सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे आहे. नुसत्या काळ्या मातीचा भराव घालू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पाण्यात भेगांतून गळती लागते. मातीचा गाभा आणि बाहेरून मुरमाचे आवरण, वीतभर जाडीचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून दबाई, आणि पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग, एवढे अंदाजपत्रकात आहे की नाही ते स्वतः वाचा. भराव ताजा असताना बर्गे (पाणी अडवण्यासाठी बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) टाकून बंधारा पूर्ण भरण्याची घाई करू नका, ताजी बगल पुन्हा फुटते. पहिल्या वर्षी बर्गे टप्प्याटप्प्याने टाका आणि पावसाळ्यापूर्वी न चुकता काढा. मधल्या काळात ते चोरीला जातात, म्हणून मोजून आणि कुलूपबंद ठेवण्याची जबाबदारी ग्रामसभेत नावानिशी ठरवा.

आणि काठावर वाळा लावा. हे मी प्रत्येक गावात सांगतो. भरावाच्या उतारावर समपातळीत, वीतभर अंतरावर ठोंब लावले तर मुळे खोल जाऊन माती धरतात, आणि वाळा काही दिवस पाण्याखाली राहिला तरी मरत नाही. लागवड जून-जुलैमध्ये पाऊस स्थिरावल्यावर करा. मार्चमध्ये काम संपले म्हणून ठेकेदार एप्रिलच्या उन्हात ठोंब लावून छायाचित्र काढतो व निघून जातो. ती लागवड मान्य करू नका.

सहकारी उपसा सिंचन संस्थेचे पंपघर पंचायतीच्या यादीत सामाईक म्हणून घालता येईल काय, असे काही सभासदांनी विचारले आहे. ते संस्थेचे आहे, पंचायतीचे नाही. पंचायतीच्या यादीत ते घुसवल्यास संपूर्ण यादी तपासणीत अडकेल. त्याचा वेगळा पंचनामा मागा, पंप, स्टार्टर व वाहिनी यांचे नुकसान संस्थेच्या दप्तराप्रमाणे नोंदवा आणि संस्थेच्या नावाने स्वतंत्र अर्ज तहसील कार्यालयात पोच घेऊन द्या.