डॉक्टर म्हणाले चरबी, काकूंना ऐकू आलं तूप

"अहो मॅडम, हे तर काडीपैलवान, यांच्या पोटात चरबी आली कुठून?" स्वादुपिंडाच्या ऑपरेशनआधीच्या समुपदेशनात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्यही पाठ झालंय, "माझंच चुकलं, मीच खाऊ घातलं."

या काकूंचंही तेच (तपशील अर्थात बदललेत). काकांची व्हिपल सर्जरी (स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग काढून उरलेला आतड्याला जोडायचा) ठरलेली, सर्जननी सीटी स्कॅन बघून सांगितलं की आत अवयवांभोवती चरबी जास्त आहे, स्वादुपिंडही मऊ, चरबीवालं वाटतंय, अशात टाके नीट धरत नाहीत, म्हणून जोडातून पाचक रस लीक व्हायची रिस्क वाढते. झालं! काकूंनी घरी जाऊन तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली आणि काकांना मुगाच्या पाण्यावर ठेवलं, दोन आठवड्यांत चार किलो खाली. काका बिचारे गप्प.

पहिल्या दोन भेटी मी लेक्चर देण्यात घालवल्या. आपल्याकडे बारीक माणसातही आत चरबी असते, पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा २००४ चा फोटो प्रसिद्धच आहे, ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचा २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काकूंनी मान डोलावली, फरक शून्य.

तिसऱ्या भेटीत फक्त विचारलं, "सर्जन तुपाबद्दल काय म्हणाले?"

पदराचं टोक पिळत बसल्या. "तूप... ते नाही म्हणाले."

"मग कोण म्हणालं?"

"मीच." रडल्या, मग हळूच म्हणाल्या, "माझी चूक असली तर सुधारता तरी येईल ना."

तिथे मला लख्ख दिसलं. विचार बदलला की भावना बदलते हे मी वीस वर्षं मानत आलेय, पण तो विचार माणसाने कशासाठी धरून ठेवलाय हे आधी बघावं लागतं. दोष अंगावर घेतला की करायला काहीतरी उरतं! मग तो नुसता काढून कसा घ्यायचा, बदल्यात खरं काम द्यायला हवं. आहारतज्ज्ञांनी प्रोटीन ठरवून दिलं, तीन बॉलचं श्वास आत ओढायचं यंत्र, रोज चालणं, शुगरची नोंद, सगळं काकूंकडे. आणि एक निक्षून सांगितलं, मनाने उपास नाही, ऑपरेशनआधी ताकद गेली तर ती वेगळीच रिस्क.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं) अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम, वाढलेलं निघालंच. लीक छोटं होतं, नळी थोडे दिवस जास्त राहिली. काकू रोज वहीत नळीतून किती मिली आलं ते लिहायच्या. मी डोकावले तर ४०, ३५, २०, आणि खाली कोपऱ्यात, "तूप १ चमचा, विचारून दिलं."