टाळी वाजवली की दचकतो, मग पुन्हा तपासणी कशाला?

"टाळी वाजवली की दचकतो हो हा. मग ऐकू येत नाही असं कसं म्हणता?" अकरा महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन ती आई विचारत होती. जन्माच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या श्रवण चाचणीचा कागद तिने लसीच्या कार्डात घडी घालून जपला होता. दोन्ही कानांपुढे 'रेफर', म्हणजे चाचणी पास नाही, पुन्हा तपासा. त्याचा अर्थ विचारल्यावर उत्तर मिळालं होतं, "कानात पाणी असेल, नंतर या."

पाणी असूही शकतं. पहिल्या चाचणीत अडकलेल्या बहुतेक बाळांचं ऐकणं पुढे ठीकच निघतं. कायमचा दोष हजारात साधारण 1 ते 3 बाळांना असतो. पण ते बाळ आपलं नाही ना, हे बेरा तपासणीशिवाय कळत नाही. तिच्यात झोपलेल्या बाळाच्या कानात आवाज सोडून श्रवणमार्गाचा प्रतिसाद मोजतात. टाळीला बाळ दचकतं ते कधी हाताची हालचाल दिसते म्हणून, कधी हवेचा झोत लागतो म्हणून. शिवाय मोठा आवाज कळूनही बोलणं नीट ऐकू न येणारी मुलं मी रोज पाहते. एकाच कानाला 'रेफर' असेल तरीही पुन्हा यायचंच.

त्याच आठवड्यात असाच कागद घेऊन पाच आठवड्यांचं एक बाळ आलं होतं. त्याच्या वडिलांना रजा मिळाली, घरची गाडी होती, ओळखीच्या डॉक्टरांनी अर्थ समजावला होता. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक त्यांना सहज जमलं. ही आई रोजंदारीवर. तीही दोनदा आली होती. एकदा मशीन बंद, एकदा बाळ झोपलंच नाही. नोंदवलेला फोन नवऱ्याचा, तो नंबर पुढे बदलला. फाइलवर शेरा मात्र: "पालक आले नाहीत." तो वाचून मला फार वाईट वाटलं.

म्हणून सांगते, घरी जाण्याआधीच पुढची तारीख लिहून घ्या आणि दोन फोन नंबर द्या. बाळाला आधी झोपवू नका. तिथे पोहोचल्यावर दूध पाजून झोपवा. तान्हं बाळ आपल्या आपण झोपतं, मोठं झाल्यावर कधी झोपेचं औषध द्यावं लागतं.

तिच्या बाळाला दोन्ही कानांत दोष निघाला. "माझ्यामुळे उशीर झाला का?" तिने विचारलं. "नाही ताई," मी म्हटलं, "आणि श्रवणयंत्र लावून शिकायला आजही सुरुवात करता येते." कानाच्या साच्याचं माप त्याच दिवशी घेतलं. मग फाइल उघडून त्या शेऱ्याखाली मी लिहिलं: आई दोनदा आली होती.