अंथरूण पाहून पंख पसरा

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत नोकरी सांभाळून, घरच्या गॅरेजमध्ये दोन आसनी मोटर ग्लायडर (स्वतःच्या इंजिनाने वर जाऊन मग इंजिन बंद करून तरंगणारं विमान) सुट्या भागांच्या किटवरून बांधता येईल का, आणि वैमानिकाच्या मेडिकल सर्टिफिकेटची कटकट त्याने खरंच टळते का. दोन्हींचं उत्तर हो. पण पैसे भरण्याआधी टेप घेऊन जवळच्या विमानतळावर जा आणि भाड्याने मिळणाऱ्या हँगरचं दार मोजून या.

मी बांधलं ते झेनोस. अमेरिकेतल्या ऑशकोशच्या सोनेक्स कंपनीचं, जॉन मॉनेट यांच्या डिझाइनचं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी. पंखांचा विस्तार ४५ फूट ८ इंच. टी-हँगरची (एकेका छोट्या विमानाच्या भाड्याच्या खोलीची) दारं बहुतेक चाळीस-बेचाळीस फुटांची. पंख काढता येतात हे खरं, पण दर शनिवारी कुणाला तरी हाताशी धरून पंख जोडायचे आणि संध्याकाळी उतरवायचे, हा उत्साह माझा एक उन्हाळा टिकला.

पंख हौसेखातर लांब नाहीत. एफएएच्या, म्हणजे अमेरिकी विमान वाहतूक खात्याच्या, निकषानुसार मोटर ग्लायडरचं पौंडातलं वजन भागिले फुटांतल्या पंखविस्ताराचा वर्ग, हे उत्तर ०.६२ च्या आत यावं लागतं. झेनोसचं कमाल वजन १२७५ पौंड. भागाकार करून बघा, ०.६१. काठावर पास! ग्लायडर ठरल्यामुळेच मेडिकल लागत नाही. मात्र तब्येतीचा त्रास ठाऊक असताना उडायचं नाही, हा नियम इथेही आहे. परवान्यावर ग्लायडर रेटिंग, आणि सेल्फ-लाँचसाठी (स्वतःच्या इंजिनाने उड्डाण करण्यासाठी) इन्स्ट्रक्टरची सही, दोन्ही घ्यावीच लागतात.

मी ग्लायडिंग शिकलो हडपसरला. ग्लायडरला वर ओढणाऱ्या विंचचा दोर सुटला की नुसता वाऱ्याचा आवाज. तेवढंच सुख झेनोसमध्ये शोधू नका. ग्लाइड रेशो २४, म्हणजे हजार फुटांवरून वारा नसताना साधारण सात किलोमीटर. चांगली शुद्ध ग्लायडर चाळिशी सहज ओलांडतात.

आता काम. ॲल्युमिनियमचे पत्रे, ते जोडायला ओढून बसवायचे रिव्हेट (धातूच्या खिळ्या). ठोकायला दुसरा माणूस लागत नाही. वेळ खातात ती भोकं. ड्रिल करा, पत्रे क्लेकोंनी (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्यांनी) धरा, सगळी भोकं पूर्ण झाली की पुन्हा सगळं सुटं करा आणि एकेका भोकाचा बर, म्हणजे कडेची बोचरी किनार, काढा. नख फिरवून बघायचं, अडकलं तर परत. पंखाच्या एका रिबमध्ये (आतल्या फासळीत) माझं भोक कडेकडे सरकलं. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट जागा हवी, माझी जेमतेम दीडपट. दोन दिवस ‘चालतंय की’ म्हणत त्या रिबकडे बघत बसलो, तिसऱ्या दिवशी नवी मागवली. जुनी गॅरेजच्या भिंतीवर टांगलीय.

एरोव्ही इंजिन घेतलंत तर तेही सुट्या भागांच्या वेगळ्या किटच्या रूपातच येतं, बीटल गाडीच्या घराण्यातलं, ८० अश्वशक्तीचं. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी झाल्याचं तपासनिसाला दाखवावं लागतं, म्हणून फोटो रोज काढा. आणि वहिनींना पहिल्याच उड्डाणाचं वचन दिलं असेल तर आत्ताच मागे घ्या. नव्या विमानाच्या सुरुवातीच्या चाचणीच्या तासांत प्रवासी नेता येत नाही.

मला शनिवार-रविवार धरून साडेपाच वर्षं लागली. अख्खं किट एकदम घेऊ नका, आधी फक्त शेपटी बांधून बघा. क्लेकोंची एक बरणी माझ्याकडे पडून आहे, लागली तर पाठवतो.