नवतपा, कूलर आणि टाकीतला शिंपला : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माझ्या टाकीतल्या जायंट क्लॅमचा फोटो छापला आणि तेव्हापासून मेलबॉक्स भरून राहिलाय. एवढे लोक नागपुरात बसून समुद्राचं पाणी सांभाळून राहिलेत हे मलाच माहीत नव्हतं. ज्यांनी फोटो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा ट्रायडॅक्ना जातीतला राक्षसी शिंपला, निळी-हिरवी नक्षीदार झालर बाहेर काढून उजेडात पसरून बसतो, त्या झालरीला मॅन्टल म्हणतात. कोकणात खातात त्या तिसऱ्या नव्हेत. माझ्या मालवणच्या मावसभावाने टाकी पाहून पहिला प्रश्न "याचं सुकं होईल का रे" हाच विचारला होता, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

प्रश्न : काका, माझी २०० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची) आहे, त्यात साधारण १२ सेंटिमीटरचा डेरासा जातीचा क्लॅम आहे, कागदपत्रं सगळी आहेत. एप्रिलपासून त्याचं काहीतरी बिघडून राहिलंय. दुपारी तोंड मोठं वासून बसतो, मॅन्टल आत ओढून घेतो. टाकीचं टेम्परेचर ३१ जातं म्हणून वर दोन फॅन लावले आणि रोज पाच लिटर पाणी उडतं तर तेवढं खारं पाणी बनवून टाकतो, कधीच चुकवत नाही. लाइट कमी पडत असेल का? नवा एलईडी घ्यायचा विचार करून राहिलो.
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : भाऊ, एलईडीचे पैसे खिशातच ठेवा, आधी मीठ मोजा. तुमच्या पत्रातलं "कधीच चुकवत नाही" हे वाचून मी कपाळाला हात लावला. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं, म्हणजे तुम्ही रोज पाच लिटर खारं पाणी टाकता तेव्हा जवळपास १७५ ग्रॅम मीठ जास्तीचं टाकून राहिलात, २०० लिटरमध्ये आठवड्याभरात ३५ पीपीटीचं (लिटरमागे ग्रॅमभर मीठ म्हणजे साधारण एक पीपीटी) ४१ व्हायला लागतं. मधे पाणी बदललं असेल म्हणून क्लॅम अजून जिवंत आहे असं मला वाटतं. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं गोडं पाणी टाकायचं. घरातला पिण्याचा आरओ चालत नाही बरं का, त्यात चवीसाठी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मुद्दाम ठेवलेला असतो, उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणा. आणि क्षारता एका दिवसात खाली आणू नका, रोज एकपेक्षा कमी पीपीटीने उतरवा, नाहीतर जो आतापर्यंत वाचला तो आता जाईल. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या कॅलिब्रेशन फ्लुइडने तपासून घ्या, तो प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर माझ्या अनुभवात खोटं बोलतो.

आता उन्हाळा. क्लॅमच्या मॅन्टलमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडात साखर बनवतं आणि क्लॅमला खाऊ घालतं, तेच त्याचं खरं स्वयंपाकघर. पाणी ३० च्या वर जाऊन राहिलं की हे शेवाळ टिकत नाही, क्लॅम मधोमध पांढरट पडायला लागतो. २४ ते २७ ठेवा, २८ ला मी घाबरत नाही, ३१ ला घाबरतो.

यात आपल्याकडे एक फायदा आहे जो मुंबईवाल्यांना नाही. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की पाण्यावर फॅन मारला तर माझ्या टाकीत तीन डिग्री सहज उतरतात, माठातलं पाणी गार होतं तसंच. पण तुम्ही त्याच हॉलमध्ये खिडक्या बंद करून कूलर लावत असाल तर सगळी दमट हवा तिथंच साचते आणि टाकीवरचा फॅन नुसता फिरत बसतो. कूलर लावा, हवा बाहेर जायला खिडकी उघडी ठेवा. जुलैत उकाडा कमी झाला तरी ओल वाढते, तेव्हा फॅनवर भरोसा नको. नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, मात्र फॅन पुरत नाही, पाणी गार करणारा चिलर लागतोच, ज्याला चिलर परवडत नाही त्याने क्लॅम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ द्या. आणखी एक, लाइट दुपारी कशाला लावता? संध्याकाळी सहा ते रात्री दोन लावा, क्लॅमला घड्याळ कळत नाही. वेळ मात्र हळूहळू सरकवा, रोज अर्धा-पाऊण तास.

आणि चिलर असला की झालं असंही नाही. तीन वर्षांपूर्वी ऐन नवतप्यात मी अमरावतीला लग्नाला गेलो, चिलरची जाळी धुळीने गच्च झालेली, मी साफच केली नव्हती, तो ट्रिप झाला. परत आलो तर पाणी ३३. क्लॅमवर हाताची सावली पाडली तरी हलेना. वाचला, पण रंग परत यायला दोन महिने लागले आणि ते दोन महिने घरात बायकोने मला लग्नाच्या जेवणावरून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. जाळी दर रविवारी झटका. मेच्या वादळात लाइट गेली तर पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालेल अशी सोय करा, नाहीतर बॅटरीचा एअर पंप तरी घरात असू द्या, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी राहतो.

प्रश्न : माझं पाणी एकदम स्वच्छ आहे, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, स्किमर दिवसरात्र चालू. तरी क्लॅम फिकट पडून राहिला. एवढं स्वच्छ ठेवूनही?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, स्वच्छ ठेवून "ही" नाही, स्वच्छ ठेवल्या"मुळे". क्लॅम पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट स्वतः ओढून घेतो, ते त्याच्या शेवाळाचं खत. तुम्ही शेतातलं सगळं खत काढून टाकलं आणि पीक का पिवळं पडलं म्हणून विचारून राहिलात. फेसातून घाण काढणारा तो स्किमर रात्री बंद ठेवा, फिल्टरमधलं फॉस्फेट शोषणारं मीडिया काढून टाका, माशांना चिमूटभर जास्त द्या, नायट्रेट ५ पीपीएमच्या (दहा लाखात पाच भाग) आसपास राहू द्या. क्लॅम पाच सेंटिमीटरहून छोटा असेल तर फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, तेही द्या, छोट्यांना नुसता उजेड पुरत नाही. हां, आणि एवढ्यात लाइट बदलला असेल तर ते कळवा, एकदम जास्त उजेडानेही रंग उडतो. डेरासा आणि स्क्वामोसा मध्यम उजेडात खुश असतात, मॅक्सिमा आणि क्रोशियाला भरपूर लागतो.

प्रश्न : क्लॅम आल्यापासून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी झपाट्याने घसरून राहिली. मित्र म्हणतो पानठेल्यावरचा चुना टाक, विदेशातले लोकही चुनाच टाकतात. खरं का बाप्पा?
— सक्करदरा

उत्तर : मित्र अर्धा बरोबर आहे, म्हणूनच धोक्याचा आहे. कवच बनवायला क्लॅमला कॅल्शियम आणि कार्बोनेट (अल्कलिनिटी म्हणून मोजतो ते) लागतं, म्हणून आकडे घसरतात, म्हणजे तो वाढतोय, आनंदाची गोष्ट आहे. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच (हे तिचं माप), मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या जवळ ठेवा. विदेशात ज्याला काल्कवासर म्हणतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे रसायन म्हणून खर्ऱ्यातला चुनाच. पण खर्ऱ्याच्या चुन्यात भट्टीतून आणखी काय काय आलंय याची गॅरंटी ना ठेलेवाला देऊ शकत ना तुमचा मित्र, आणि क्लॅमला तांब्यासारखे धातू अगदी थोडे असले तरी सहन होत नाहीत. लॅब ग्रेडचा घ्या. लिटरभर आरओ पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतो, बाकीचा खाली बसतो तो टाकीत जाऊ देऊ नका. ही निवळी सलाइनच्या नळीने रात्री थेंब-थेंब सोडा, तिचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतलीत तर सकाळी टाकीभर पांढरं दूध आणि मेलेले मासे. नसेल जमत तर कॅल्शियम क्लोराइड वेगळं आणि खायचा सोडा वेगळा, दोन्ही एकाच वेळी एकाच जागी टाकायचे नाहीत. खायचा सोडा चालतो, बेकिंग पावडर नाही.

प्रश्न : एक विक्रेता मॅक्सिमा देतो म्हणून राहिला, "पेपर-बिपर लागत नाही" म्हणतो. घेऊ का?
— सदर

उत्तर : नका घेऊ. मॅक्सिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस हे शिंपले २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये घेतले गेले, त्याच यादीत जिथे वाघ आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळात मॅक्सिमा राहतो, तो तिथेच राहू द्या. बाकी सगळे जायंट क्लॅमही साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, म्हणजे पलाऊसारख्या बेटांवर हॅचरीत वाढवलेला असला तरी आयातीचे कागद लागतातच, आणि घरी ठेवलेल्या अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी आता आपल्याकडे करावी लागते. शंका असेल तर राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्सला आहे, सदरहून दहा मिनिटं. जाऊन विचारा.

प्रश्न : क्लॅम दगडावरून उचलून दुसरीकडे ठेवला, ओढताना खालून धाग्यांचा गुच्छ तुटला. आता कवचाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायीही दिसून राहिल्या.
— प्रतापनगर

उत्तर : तो गुच्छ म्हणजे बिसस, त्याने क्लॅम दगड धरून बसतो. ओढला की मुळाशी जखम होते आणि त्याने क्लॅम मरूही शकतो. पुढच्या वेळी दगडासकट उचला, किंवा दगडाला लागून ब्लेडने धागे कापा. आता पंधरा दिवस हात लावू नका, खाली एक चपटा दगड ठेवा, पाण्याचा जोर थेट अंगावर नको. त्या कण्या म्हणजे पिरॅमिडेला, त्या क्लॅमचा रस पितात. दिवसा लपतात, रात्री टॉर्च घेऊन बसा आणि जुन्या टूथब्रशने कडा घासून काढा, कवचावरची अंडीसुद्धा, पाण्याखालीच. दोन-तीन आठवडे रोज. औषध टाकायच्या फंदात पडू नका, कॉपरवालं तर मुळीच नाही.

प्रश्न : माझ्या बाबांच्या टाकीत क्लॅम आहे. मी जवळून गेले की तो बंद होतो. त्याला मी दिसते का? आणि तो माझा हात पकडेल का?
— इयत्ता सहावी, धरमपेठ

उत्तर : बेटा, या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. त्याच्या मॅन्टलच्या कडेने शेकडो बारीक डोळे असतात, टाचणीच्या टोकाएवढे. तुझा चेहरा त्याला नाही दिसत, पण तुझी सावली पडली की कळतं, आणि समुद्रात सावली म्हणजे खायला आलेला मासा, म्हणून तो आत जातो. हात पकडायच्या गोष्टी खोट्या आहेत. सगळ्यात मोठा गिगास क्लॅम २०० किलोच्या वर जातो, पण तो मिटतोही सावकाश, आणि मोठा झाल्यावर तर त्याला कवच पूर्ण मिटताच येत नाही. बाबांना विचारून एक कर, रोज एकाच वेळी काचेसमोरून एकदाच हात फिरव आणि तो परत उघडायला किती सेकंद लागतात ते वहीत लिही. पंधरा दिवसांनी ती वही मला पाठव, आणि एखाद्या दिवशी तो बंदच झाला नाही तर वही बाजूला ठेवून आधी बाबांना टेम्परेचर पाहायला सांग.