परत त्याच खुर्चीवर जाऊन बस

अरे,

तुझी व्हॉइस नोट आली तेव्हा मी जागीच होते. नऊ मिनिटांची नोट, त्यातली दोनेक मिनिटं नुसता पंख्याचा आवाज, मध्येच "मावशी, झोपलीस का" आणि परत पंखा. बाकी सगळी एकच गोष्ट, कॉलेजात येऊन सहा आठवडे झाले आणि अजून कुणी मित्र नाही. आईला सांगू नकोस म्हणालास, नाही सांगत. रात्री ऐकताना घसा दाटून आला होता आणि सकाळी परत ऐकली तर चक्क राग आला. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिते. तू हुशार आहेस, होईल सगळं नीट, वगैरे मी लिहिणार नाहीये, ते सांगायला बाकी नातेवाईक आहेत.

राग कशाचा आला सांगू? "मी सगळं करून पाहिलं" या वाक्याचा. बरं, मोजू या. क्विझ क्लब, एकदा. तिथले लोक आधीपासून ओळखीचे, त्यांचे आतले जोक तुला कळेनात, तू दाराजवळच्या खुर्चीवर बसलास आणि संपायच्या आधी सटकलास. फोटोग्राफीवाले, एकदा. सकाळी पळायला जाणारा ग्रुप, एकदा, आणि तिथेही उशिरा पोचलास. लायब्ररीत रोज जातोस पण रोज वेगळ्या मजल्यावर, का तर आपण एकटे बसतो हे कुणाच्या लक्षात येऊ नये. मेसमध्ये बंद व्हायच्या टायमाला. वर्गात मिळेल त्या बाकावर. शुक्रवारी संध्याकाळी बॅग उचलून घरी. म्हणजे राजा, तू सगळं करून पाहिलेलं नाहीयेस, सगळं एकेकदा करून पाहिलंयस. एकदा येऊन गेलेला माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही रे, तो पाहुणा पण नसतो, चुकून दार उघडून आत आलेला कुणीतरी असतो.

माझं एकच म्हणणं आहे आणि पुढे मी तेच परत परत लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाच. त्याच जागी, त्याच वेळी, परत जा. मजा आली नाही तरी जा. कुणी बोललं नाही तरी जा.

तुझी आई आणि मी मैत्रिणी कशा झालो हे तिने तुला काहीतरी छान करून सांगितलं असणार. खरं कारण रोल नंबर. तिचा माझ्या पुढचा. प्रॅक्टिकलच्या जोड्या रोल नंबरप्रमाणे लावल्या आणि वर्षभर आम्ही एका टेबलाला जखडलो. पहिले तीन महिने मला ती अजिबात आवडायची नाही, रीडिंग घेताना गुणगुणायची, माझं पेन घ्यायची आणि परत द्यायची नाही (अजूनही देत नाही). बदलायची सोय असती तर मी दुसऱ्याच आठवड्यात टेबल बदललं असतं आणि मग काल रात्री तू पाठवलेली नोट मला आली नसती. पुढे शिकवायला लागल्यावर एक अभ्यास वाचला, १९७४ चा, मॅडी सेगल नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंचा. अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या पोलिसांच्या ट्रेनिंगमध्ये पोरांना खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या अक्षराप्रमाणे दिल्या होत्या. नंतर त्यांना विचारलं, तुमचे जवळचे मित्र कोण, तर ज्यांची नावं निघाली ती बरीचशी यादीत त्यांच्या आसपासचीच. वय, धर्म या गोष्टींपेक्षा यादीतलं अंतर भारी पडलं. मी ते वाचून लगेच तुझ्या आईला फोन केला, तर म्हणते, म्हणजे तुझं आडनाव वेगळं असतं तर माझी सुटका झाली असती.

म्हणून तू जे म्हणतोस ना, "इथे माझ्यासारखं कुणीच नाही", त्याला मी फार भाव देत नाही. तुझी आई माझ्यासारखी नव्हती. अजूनही नाहीये.

बोलायला सुचत नाही म्हणालास. बरं, नको बोलूस. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच या दोन संशोधकांनी एक गंमत केली होती. साधारण सारख्या दिसणाऱ्या चार मुली घेतल्या आणि कॉलेजच्या एका मोठ्या वर्गात त्यांना विद्यार्थिनी म्हणून बसवलं, एक अजिबात आली नाही, एक ५ लेक्चर्सना, एक १० आणि एक १५ लेक्चर्सना. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, यायचं, बसायचं, जायचं. टर्मच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आली होती ती लोकांना जास्त आवडली, आणि गंमत म्हणजे बहुतेकांना तिला वर्गात पाहिल्याचं आठवतही नव्हतं! एक शब्द न बोलता. तू तर निदान "हाय" म्हणतोस. पण तू रोज मजला बदलतोस. तुला दिसू द्यायचंच नाहीये कुणाला, आणि तक्रार ही की कुणी बघत नाही.

हे जरा जास्त कडक झालं. राहू दे, खोडत नाही. कारण हे मी तुला कमी आणि स्वतःला जास्त बोलतेय.

आईने तुला सांगितलं नसेल, प्रॅक्टिकलचं टेबल सोडलं तर पहिल्या वर्षी मी अख्ख्या कॉलेजात कुठेच नव्हते. दर शुक्रवारी घरी. शेवटचं लेक्चर संपायच्या आधी बॅग भरलेली, सोमवारी सकाळी परत. घरी आजी आजारी होती, हे कारण मी सगळ्यांना सांगायचे आणि खोटं नव्हतं ते. पण आजीला बघायला घरात चार माणसं होती. मी जायचे कारण शनिवारी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जो हसण्याचा आवाज यायचा तो मला बंद दारामागून ऐकायचा नव्हता. शेजारच्या खोलीतल्या एका मुलीने मला पहिल्या महिन्यात दोनदा विचारलं, आम्ही संध्याकाळी चालायला जातो, येतेस का. दोन्ही वेळा म्हटलं, अगं घरी जायचंय. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. त्यात तिचा काही दोष नाही, कुणी किती वेळा विचारायचं? त्या चालणाऱ्या सहा जणी अजूनही वर्षातून एकदा भेटतात. फोटो येतात. मी लाइक करते.

आता तू म्हणशील, मावशी, मग आजीचं काय? तेच तर. आजी पुढच्याच वर्षी गेली आणि ते शनिवार-रविवार मला तिच्याबरोबर मिळाले, तिच्या उशाशी बसून मी तिला नोट्स वाचून दाखवायचे, तिला त्यातलं काही कळायचं नाही आणि ती मान डोलवायची. ते मी परत देणार नाही कुणाला. म्हणजे मी अगदीच चुकले असंही नाही ना? मी हा हिशोब कितीतरी वर्षं करतेय आणि तो जुळत नाही. पण महिन्यातून दोन शुक्रवार थांबले असते तर आजीचं काही बिघडलं नसतं एवढं मात्र आता कबूल करते. तुझ्या घरी तर कुणी आजारीही नाहीये. महिन्यातून दोन. जास्त मागत नाही मी.

आणि फोन. रात्री तीन-तीन तास शाळेच्या जुन्या ग्रुपवर असतोस ते मला दिसतं, हिरवा ठिपका असतो. आमच्या वेळी फोन नव्हते म्हणून आम्ही मिसळायचो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस, मी तासन्‌तास जुन्या मैत्रिणींना पत्रं लिहायचे, प्रकार तोच. जुनी माणसं सोडू नकोस. फक्त रात्री नऊला कॉमन रूममध्ये जी पोरं असतात त्यांच्या वेळेवर हे ढकलू नकोस, दहानंतर कर.

आता सहा आठवड्यांचं बोलू. "सहा आठवडे झाले आणि सगळ्यांचे ग्रुप ठरले." कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी नव्या जागी आलेल्या लोकांची मैत्री कशी होत जाते ते पाहिलं, त्यात कॉलेजात नवीन आलेली मुलंही होती. त्यांचा अंदाज असा की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जातात, पक्का मित्र म्हणायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाचा म्हणायला २०० च्या वर. आणि नुसतं कामापुरतं एकत्र असलेला वेळ त्यात फारसा कामाला येत नाही, म्हणजे लेक्चरला शेजारी बसलास एवढ्याने भागत नाही, लेक्चर संपल्यावर जी पंधरा मिनिटं लोक उगाच रेंगाळतात, तू ज्या वेळेला कानात इअरफोन घालून निघतोस, ती धर. आठवड्याला ४ तास धरले तरी ५० तासांना साडेबारा आठवडे लागतात. तू सहाव्या आठवड्यात निकाल लावून बसलायस. आणि तेही एका माणसाबरोबर ४ तास. तुझे एका माणसाबरोबर आत्तापर्यंत किती झालेत? खरं सांग.

बाकी सगळ्यांचं जमलंय हे तुला कुणी सांगितलं? पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच प्रश्न विचारून झालाय, २०१७ मध्ये ॲशली व्हिलन्स नावाची संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात बऱ्याच मुलांना वाटत होतं की इतरांना आपल्यापेक्षा जास्त मित्र आहेत. आता सगळ्यांपेक्षा सगळ्यांना जास्त मित्र कसे असतील, तूच गणित कर. मी इतकी वर्षं पहिल्या वर्षाला शिकवतेय, ऑगस्टमध्ये नऊ जणांचा एकच सेल्फी असतो आणि पुढच्या वर्षी त्यातले चार एकमेकांना बघून जिना बदलतात. ते नऊ जण घाबरून एकत्र आलेले असतात. तू घाबरून वेगळा झालास. इतकाच फरक.

कॉलेज बदलायचा विचार मनात आहे म्हणालास. विषयच नकोसा झाला असेल, तर तो वेगळा फोन, आपण बोलू आणि मी आडवी येणार नाही. पण कुणी ओळखत नाही म्हणून बदलणार असशील तर नव्या ठिकाणी तुझे तास शून्यापासून सुरू होतील, आणि तिथेही क्विझ क्लब असेल, दाराजवळ खुर्ची असेल.

दोन अपवाद, पटकन लिहिते. कुठे तुझी टिंगल होत असेल, कुणी त्रास देत असेल तर तिथे परत जायचं नाही, माझा नियम तिथे लागू नाही, सरळ तक्रार कर आणि मला सांग. आणि झोप उडालीये, जेवण जात नाहीये, काहीच करावंसं वाटत नाहीये, असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर क्लब वगैरे राहू दे, कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा, तिथे जायला मी तुझ्याबरोबर फोनवर थांबेन, आत जाईपर्यंत. हे खरंच म्हणतेय.

तसं नसेल तर मग ऐक. पाच गोष्टी नकोत, एकच धर. क्विझ धर, कारण नोटमध्ये त्याबद्दल बोलताना तू "ते बरोबर उत्तर मला येत होतं" असं म्हणालास आणि तेवढाच एकदा तुझा आवाज चढला. दर बुधवारी सहाला असतं ना? दहा बुधवार. मधे हौस वाटली, नाही वाटली, परीक्षा असली (अर्धा तास जा), पाऊस असला, तरी दहा. दाराजवळची खुर्ची ठीक आहे, हट्टाने पुढे बसू नकोस, पण दर वेळी तीच खुर्ची. चौथ्या-पाचव्या वेळी कुणीतरी विचारेल, "मागच्या वेळी तू होतास ना?" तेव्हा "हो" म्हण आणि पुढे एक वाक्य बोल, कुठलंही. खुर्च्या आवरायला थांब. खुर्च्या आवरताना माणसं बरी बोलतात, हे कुठल्या अभ्यासात नाही, माझं आहे.

दहा झाल्यावर म्हणालास की मावशी, नाही जमलं, तर मी वाद घालणार नाही. घालेन थोडा.

बुधवारी साडेसातला मी फोन करणारे. उचलू नकोस.

तुझी
मावशी